झिजेचे माप

मराठी भाषेला झिजण्याविषयी विशेष आदर आहे. एखाद्या परोपकारी माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्याविषयी बोलायचे झाले, म्हणजे तो चंदनासारखा झिजला असे म्हटल्यावाचून आपल्या वक्त्यांचे समाधान होत नाही. या प्रतिमेत खोड तेवढे डोळ्यांपुढे येते. ज्या सहाणेवर ते उगाळले जाते ती सहाण कोणाच्या लक्षात राहत नाही. वस्तुतः दोनतीन पिढ्यांच्या वापरातली सहाण हाती घेऊन पाहिली, तर तिच्या मध्यभागी बोटाला जाणवेल असा खोलगटपणा आलेला असतो. खोड लवकर झिजते आणि सहाण सावकाश झिजते, इतकाच दोहोंतील भेद. त्यातही खोड किती उरले आणि सहाण किती खोल गेली, याचे माप घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. खोड संपले तर दुसरे आणता येते. देवाचा एक दिवस गंधावाचून गेला तरी कोणाचे प्राण जात नाहीत. परंतु नित्याच्या व्यवहारात अशीही एक झीज आहे, की जिचे माप वेळेवर घेतले गेले नाही तर प्राण जातात. मोटारीच्या ब्रेकची झीज ही त्या जातीची आहे.

मोटारीच्या पुढच्या चाकाआड बिडाची एक तबकडी चाकाबरोबर फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना, जेमतेम अंतर राखून, दोन पॅड उभे असतात. पायाखालचे पेडल दाबले की ब्रेक-ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोचतो, पिस्टन पॅडला रेटतो, आणि फिरती तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाते. सहाण फिरती आणि खोड स्थिर, एवढा फरक सोडला तर रचना देवघरातलीच आहे. पॅडचा लेप मुद्दामच असा केलेला असतो की त्याने आधी झिजावे. कारण ते स्वस्त असते आणि बदलायला सोपे असते. पॅडचे दोनतीन जोड संपेपर्यंत बहुधा डिस्कचीही पाळी येते. सहाणेचा खोलगटपणा तिथे कडेच्या उंचवट्याने ओळखू येतो: जिथवर पॅड पोचते तिथवर तबकडी पातळ झालेली असते, आणि जिथे पोचत नाही तिथे जुन्या जाडीची एक कड वर राहिलेली असते.

या झिजेच्या मोबदल्यात काय मिळते, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानानेही मांडता येतो. हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठायी सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ती जवळजवळ सगळी तबकडीत आणि पॅडांत उष्णता होऊन उतरते व मग वाऱ्यावर जाते. तेवढ्या उष्णतेने पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. वेग निम्मा असेल तर हाच आकडा चौथाईवर येतो. म्हणून वेगाची खरी किंमत थांबताना कळते. हीच गाडी शंभर मीटरची उंची केवळ ब्रेकच्या बळावर उतरली, तर तीन लिटर पाण्याचे आधण होईल इतकी उष्णता त्या दोन-चार तबकड्यांना सोसावी लागते. जाणते चालक घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात आणि हा भार इंजिनाकडे देतात, त्याचे कारण हेच. डिस्कसाठी करडे बीड निवडले जाते, तेही याचसाठी. त्यातील ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे उष्णता चटकन वाहून नेतात आणि कंपही शोषून घेतात.

चालण्याच्या विद्येमागून थांबण्याची विद्या फार सावकाश आली. इंग्लंडमध्ये डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट लावून गाडी आवरतात, हे पाहून हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याचा उद्योग १८९७ मध्ये सुरू झाला. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून असह्य कर्कश आवाज होई, आणि कच्च्या रस्त्यावरच्या धुळीत तांबे भराभर झिजे. सहाण उत्तम साधली होती. तिच्याजोगे खोड मिळाले नव्हते. पुढे ॲस्बेस्टॉसचे अस्तर आले आणि काम भागले. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली, तेव्हा लँचेस्टरच्या कल्पनेला पन्नास वर्षे उलटून गेली होती. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसांचे असाध्य रोग जडवते हे निर्विवाद ठरल्यावर अनेक देशांनी ते वर्ज्य केले. तेव्हा झिजणाऱ्या वस्तूची धूळ कोणाच्या छातीत गेली, हाही या इतिहासाचा एक भाग आहे. आजही चाक उतरवल्यावर आतली काळी धूळ फुंकरीने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, असे सांगतात ते त्यामुळेच.

रायपूर हे सपाटीवरचे शहर. इथल्या ब्रेकांना घाट झिजवत नाहीत, गर्दी झिजवते. टाटीबंधपासून तेलीबांध्यापर्यंत ग्रेट ईस्टर्न रोडने जाणारी गाडी चालते त्याहून अधिक थांबते. त्यात उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी वाऱ्याबरोबर शहरात येते; गच्चीवर लोहचुंबक फिरवले तर त्याला मिश्या फुटतात. पावसाळ्याच्या एका रात्रीत उघड्यावर उभ्या गाडीच्या तबकडीवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोनचार दाबांत खरडून जातो. ज्या मुलखात दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतून दगड निघतो आणि १९५९ पासून भिलाईची झोतभट्टी पेटली आहे, जिथे त्याच्याही कितीतरी आधीपासून मैकल डोंगरातले अगरिया मातीच्या भट्टीत लोखंड गाळीत आले, तिथे लोखंड कसे घडते याइतकेच ते कसे खाल्ले जाते हेही लोकांना ठाऊक असते.

घाट आहे तो दक्षिणेला. जगदलपूरच्या वाटेवर कांकेर मागे पडले की केशकाल येते. तिथल्या वळणांना लोक बारा भंवर म्हणतात. बस्तरच्या पठारावरून परत येणारी प्रत्येक गाडी ही वळणे उतरते. वाटेत तेलीन सतीचे देऊळ आहे. ट्रकचालक तिथे क्षणभर थांबून नमस्कार करतात. त्या थांबण्यात श्रद्धा तर असतेच. शिवाय तापलेल्या ब्रेकांना घटकाभर विसावा मिळतो, हाही त्यातला व्यवहार आहे.

अशा शहरात तात्यापाऱ्यातील एका मराठी घरापुढे एक लहान, जुनी मोटार उभी असते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरल्यापासून निरनिराळ्या निमित्तांनी मराठी कुटुंबे या बाजूला येत राहिली. कोणी कारकुनीसाठी, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. या घरचे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सारा मोहल्ला त्यांना गुरुजी म्हणतो. मुलगी जगदलपूरला महाविद्यालयात शिकवते आणि महिन्यातून एकदा स्वतः गाडी चालवीत येते-जाते. गेल्या खेपेला ब्रेक दाबताच चाकाशी किणकिण असा बारीक आवाज येऊ लागला होता. पॅडच्या पाठीवर पोलादाची एक लहान जीभ बसवलेली असते. लेप संपत आला की ती तबकडीला टेकते आणि किंचाळते. यंत्रातल्या फार थोड्या वस्तूंना आपली झीज अशी मोठ्याने सांगता येते.

कार्यशाळेच्या मागच्या पावतीवर ब्रेक तपासल्याचा शिक्का होता. कोणी तपासले, किती जाडी उरली होती, हे काहीच नव्हते. गुरुजींनी ती पावती दोनदा वाचली आणि काम घरीच करायचे ठरवले. पैसे वाचवण्याचा हेतू त्यात फारसा नव्हता. दोन्ही चाकांच्या नव्या डिस्क आणि पॅड यांचीच किंमत मोठी होती, मजुरी त्यामानाने थोडी. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींना विचारून त्यांनी एकेक पायरी कागदावर उतरून घेतली.

मुलगी म्हणाली, “बाबा, मिस्त्रीकाकांनाच बोलवा ना. हे आपलं काम नाही.”

“त्यांना विचारूनच करतो आहे. पण घाटात तू एकटी असतेस.”

हे उत्तर तर्काला धरून नव्हते. मिस्त्रींचा हात गुरुजींपेक्षा अधिक सराईत, यात शंका नव्हती. तरी त्यातला आशय मुलीला समजला असावा, कारण तिने पुढे वाद न घालता बाह्या वर सारल्या. ब्रेक बसवणारा मनुष्य बहुधा त्या गाडीत नसतो. त्याच्या हातून राहिलेला ढिला नट दुसऱ्याच कोणाच्या पायाखाली, दुसऱ्याच एखाद्या वळणावर उमगतो. म्हणून हे काम म्हणजे आगाऊ दिलेला शब्द आहे, आणि तो शब्द देणाऱ्याने त्यातले प्रत्येक अक्षर वाचलेले असावे, एवढाच गुरुजींचा आग्रह होता.

कामाची सुरुवात न हलण्याच्या बंदोबस्ताने होते. गाडी सपाट फरशीवर आणायची, गिअरमध्ये ठेवायची, हातब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके द्यायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून ठेवायचे. एकदा चाक उचलले की ते पान्याबरोबर गरगर फिरू लागते. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. म्हणून गाडीच्या मजबूत भागाखाली लोखंडी घोडी लावल्यावाचून हात आत घालायचा नाही. चाक निघाले की कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवायचे. कॅलिपर हातात आला की त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचे नाही. तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवायचे. नळीला बाहेरून इजा दिसत नाही, ती आतून फाटते.

जुनी डिस्क सहजी सुटत नाही. तिला धरणारा लहानसा स्क्रू गंजाने एकजीव झालेला असतो, आणि तो निघाला तरी तबकडी हबला चिकटून बसते. काही तबकड्यांना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने पिळत गेले की तबकडी हबपासून आपोआप ढकलली जाते. गुरुजींनी तसेच केले. तबकडी सुटली तेव्हा ठण्ण असा आवाज झाला आणि पायरीवर झोपलेले मांजर उठून गेले.

मग माप. प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी उमटवलेली असते. लहान गाड्यांत नव्या जाडीतून दोनेक मिलिमीटर गेले की ती बाद समजतात. व्हर्नियर लावून मापावे तर त्याचे जबडे कडेच्या उंचवट्यांवर टेकतात आणि जाडी आहे त्याहून अधिक दिसते. तबकडी कडेला जाड, आणि कामाच्या जागी पातळ. मिस्त्रींनी यावर उपाय सांगितला होता: दोन्ही अंगांना झिजलेल्या भागावर एकेक सारखे नाणे ठेवावे, नाण्यांसकट माप घ्यावे आणि मग नाण्यांची जाडी वजा करावी. तसे करताच उजवी डिस्क मर्यादेच्या खाली निघाली. डावी काठावर होती; परंतु एकाच आसावरच्या दोन्ही चाकांना सारखी पकड लागते, नाही तर गाडी थांबताना एका अंगाला ओढते. दोन्ही बदलायच्या ठरल्या.

मुलीने ती दोन नाणी तळहातावर घेऊन पुन्हा मापली. तेवढ्यात जिन्यावरून तिची आई चहा घेऊन उतरत होती. एका हाताने भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत.

“अहो, चहा घ्या. निवतोय.”

मुलगी जिन्याकडे पाहत राहिली. गेली दोन वर्षे या गुडघ्यांविषयी घरात बोलले जात होते, ते कौतुकाने. घरासाठी ती किती झिजली, सासूबाईंचे दुखणे तिने या जिन्यावरून वर-खाली करून कसे काढले, हे पाहुण्यांना सांगितले जाई आणि पाहुणेही मान डोलवीत. गुडघ्याच्या सांध्यातही हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत अस्तर असते, आणि ते गेले म्हणजे हाडावर हाड घासते, हे गुरुजींनी वर्गात कधी काळी शिकवलेही होते.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “मी सोमवारी रजा टाकते. आईला दाखवू या.”

“कशाला रजा?” आई म्हणाली. “मला काही झालेलं नाही.”

“सोमवारी,” गुरुजी म्हणाले, आणि कपबशी बोनेटवर ठेवून हब घासायला वळले.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशाने लख्ख करावा लागतो. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी नवी तबकडी किंचित तिरपी बसते. तो तिरपेपणा डोळ्यांना दिसत नाही, परंतु पुढे प्रत्येक फेऱ्याला पेडलवर पायाला धक्के देतो. नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ लेप दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने धुऊन काढायचा आणि त्यानंतर तबकडीच्या अंगाला बोट लावायचे नाही. कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते पुसून त्यांना योग्य ते ग्रीस लावायचे. जुने पॅड पातळ झालेले असल्याने पिस्टन पुष्कळ पुढे आलेला असतो. नवे जाड पॅड मावण्यासाठी तो शिकंज्याने हळूहळू मागे दाबायचा, आणि त्या वेळी वरच्या भांड्यातले ऑइल चढून सांडत नाही ना यावर दुसऱ्याने नजर ठेवायची. ते रंगावर पडले तर रंग सोलून काढते. शिवाय ते हवेतले पाणी शोषते आणि पाणी शोषलेले ऑइल लवकर उकळते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळता कामा नये, मुरलेल्या पाण्याने ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ऑइल उकळले म्हणजे पेडल फरशीला टेकते आणि गाडी चालतच राहते. भांड्यावरची नजर मुलीची होती.

या साऱ्या कामात जे शब्द ऐकू आले, ते कोणत्याही एका भाषेचे नव्हते. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, उस्ताद फारसीतून. कॅलिपर, पॅड, जॅक इंग्रजी. आणि चाकाला रायपुरात चक्का म्हणतात, त्याचे मूळ चक्रात. ज्या गावी माधवराव सप्र्यांसारख्या मराठी मातृभाषेच्या माणसाने हिंदीसाठी आयुष्य वेचले, १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे ‘दासबोध’ हिंदीत नेला, तिथे भाषांच्या अशा सरमिसळीचे नवल नाही. मात्र एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मराठीत बैलगाडीच्या चाकाची सगळी अंगे नावानिशी आहेत: तुंबा, आरे, आस, आणि जमिनीला भिडणाऱ्या लोखंडी पट्टीला तर आपण धाव असे सुंदर नाव दिले. चालण्याच्या प्रत्येक अंगाला शब्द आहे. थांबण्याचे काम साध्या गाडीत कासरा आणि बैल यांच्यावर सोपवलेले होते. बैलाला स्वतःलाच थांबायचे कळत असे. लोखंडाच्या गाडीला ते कळत नाही. म्हणून ब्रेक हा शब्द आला तसाच आपण घेतला. त्याला घडवलेले संस्कृत प्रतिशब्द कोशात राहिले. गाडीखाली कोणी त्यांचा उच्चार केला नाही, आणि त्यावाचून काम अडलेही नाही.

दुपार कलताना दुसरेही चाक चढले. नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळून झाले, घोड्या निघाल्या, गाडी जमिनीवर टेकली. तेव्हा मिस्त्री सहज म्हणून आले आणि फाटकाशीच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, गाडी बाद में, पहले पैर.” कागदावरची ही शेवटची ओळ होती, आणि तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. पिस्टन मागे दाबलेला असल्यामुळे नव्या पॅडांचे आणि तबकडीचे अद्याप मीलन झालेले नसते; पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाते. ते चारपाच वेळा दाबून घट्ट होईपर्यंत गाडी तसूभरही हलवायची नसते. सगळे काम निर्दोष करून ही एक गोष्ट विसरणारे लोक समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतात. गुरुजींनी पेडल दाबले, ते गेले. पुन्हा दाबले. चौथ्या खेपेला ते पायाखाली दगडासारखे उभे राहिले.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पुन्हा पुन्हा हलकेच वेग कमी करायचा, मध्ये तबकडी निवू द्यायची, तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहायचे नाही. अशा रीतीने पॅडचा एक सारखा थर तबकडीवर बसतो आणि दोघांची ओळख होते. थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा एकदा पारखायचे. मिस्त्रींनी ते आपल्या हाताने पारखले, काही बोलले नाहीत, आणि जुनी डिस्क भंगारासाठी उचलून घेऊन गेले.

चांगल्या ब्रेकची कीर्ती होत नाही. बाराव्या वळणावर गाडी थांबली, समोरची शेळी रस्ता ओलांडून गेली, यात सांगण्यासारखे काही घडलेले नसते. चंदनाची झीज निदान दरवळते तरी. पॅडच्या झिजेतून उरते ती रिंगवर जमणारी काळी भुकटी आणि न झालेला अपघात. तिला स्तुतीची अपेक्षा नाही आणि स्तुतीने तिचे काही भलेही होत नाही. तिची अपेक्षा एवढीच असते, की ज्याच्यासाठी झिजणे चालले आहे त्याने मधूनमधून चाक उतरवावे, कडेच्या उंचवट्याला न फसता कामाच्या जागी माप लावावे, आणि आकडा मर्यादेखाली गेला असेल तर त्याच दिवशी तसे म्हणावे. झिजणाऱ्यांचा गौरव करण्याची रीत आपल्या भाषेने फार पूर्वी सिद्ध केली. तो गौरव बहुधा झिजणारे संपल्यावर होतो. माप त्याआधी घ्यावे लागते.